टांगलेले वजन आणि जळगावचा मे महिना

जळगावच्या एमआयडीसीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि गेल्या काही वर्षांत घेतलेले तीन थ्रीडी प्रिंटर एवढाच त्याचा पसारा. आसपास चटईचे कारखाने, डाळमिली आणि पाइपांचे प्लांट असल्यामुळे बंद पडलेल्या मशीनचा एखादा सुटा भाग घेऊन कोणी ना कोणी दारात उभे असतेच. एका मार्चमध्ये चटईच्या कारखान्याचे एक शेठ असाच एक भाग घेऊन आले. पॉलिप्रॉपिलीनचा धागा एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणाऱ्या मशीनमधून, निघून गुंडाळला जातो, त्या वाटेवर धाग्याचा ताण कायम राखणारा एक लोंबता आर्म असतो. त्याच्या टोकाला रोलर आणि रोलरच्या बाजूला टांगलेले वजन. कामगार त्याला सरळ 'हात' म्हणतात. जुना बिडाचा हात तुटला होता, नवा परराज्यातून मागवायला तीन आठवडे लागणार होते आणि शेठना तो दोन दिवसांत हवा होता.

मी तो कार्बन फायबर मिसळलेल्या पीएलएमध्ये, म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्लास्टिकमध्ये, छापून दिला. आज हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण त्या वेळी मी हिशेब केला नव्हता असे नाही. उलट हिशेब अगदी नीट केला होता. हाताची लांबी १८० मिमी, छेद १२ बाय २५ मिमी, टांगलेले वजन २.५ किलो, त्यावरून खिळीजवळचा वाकण्याचा ताण सुमारे ३.५ मेगापास्कल निघत होता आणि मटेरियलच्या माहितीपत्रकात ताकद ४५ मेगापास्कलच्या वर दिलेली होती. बारा पटींहून जास्त सुरक्षितता दिसल्यावर बिडाच्या जागी प्लास्टिक देताना मनात शंका उरली नाही. बसवल्यावर टोकाला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा झोल आला, तोही गणिताशी जुळणारा होता. काळ्या, खरबरीत, मॅट पृष्ठभागाचा तो हात दिसायलाही देखणा होता.

मार्च आणि अर्धा एप्रिल काही तक्रार आली नाही. एप्रिलच्या अखेरीस पारा ४४ अंशांवर गेला आणि एका दुपारी कारखान्यातल्या ऑपरेटरचा फोन आला, "भाऊ, हात खाली येई राह्यला." मला वाटले बोल्ट ढिला झाला असेल. जाऊन पाहिले तर बोल्ट घट्ट होता, कुठे तडा नव्हता, थर सुटलेले नव्हते. फक्त तो सरळ हात केळीच्या पानासारखा खाली झुकला होता. पट्टी लावून पाहिले तेव्हा टोक १४ मिमी खाली आले होते. शिवाय वजन रोलरच्या बाजूला, मधल्या रेषेपासून जरा बाहेर टांगलेले असल्यामुळे हात थोडा पिळलाही गेला होता आणि धागा रोलरच्या कडेवरून घसरत होता. वजन तेच होते आणि त्यात एक ग्रॅमही वाढलेला नव्हता. थर्मोकपलची तार हातावर चिकटवली तेव्हा दुपारी दोन वाजता ५७ अंशांचा आकडा आला. पत्र्याचे छत, शेजारी तापलेला एक्स्ट्रूडर आणि वर काळा रंग, या तिघांनी मिळून शेडमधल्या हवेपेक्षा हात कितीतरी जास्त तापवला होता.

पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान कडकपणा सोडू लागते, एवढे मला ठाऊक होते. या तापमानाला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात. त्याचे मराठीत शब्दशः काही करायला गेलो तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा काचबिंदू आठवतो, म्हणून आम्ही आपले टीजी म्हणतो. माझी समजूत अशी होती की कार्बन फायबर घातल्यावर ही अडचण उरत नाही, कारण कार्बनला ५७ अंश म्हणजे काहीच नव्हे. ही समजूत नेमकी कुठे चुकली ते पाहण्यासाठी पुढचे चार-पाच महिने मी जे केले, त्याची ही हकिगत आहे. शेठना अर्थातच त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माइल्ड स्टीलच्या पट्टीचा हात वेल्डिंग करून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

सतत भाराखाली पदार्थाने हळूहळू वाढत्या प्रमाणात वाकत जाणे याला क्रीप म्हणतात. आपल्याकडे हे नवे नाही. अमळनेर तालुक्यातील माझ्या आजोळचे घर धाब्याचे होते. दर पावसाळ्याआधी छतावर नवी माती पडायची आणि मधल्या खोलीतली सागाची तुळई दरवर्षी किंचित खाली आलेली दिसायची. ती कधी मोडली नाही. लाकूड हेसुद्धा तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ यांचेच मिश्रण आहे, आणि हवेतली ओल कमीजास्त होत राहिली की भाराखालचे लाकूड एरवीपेक्षा अधिक झुकते. ही तुळई पुढे नायलॉनच्या प्रयोगात मला पुन्हा आठवली.

चाचणीसाठी मी प्लायवूडची एक पेटी केली, आतून ग्लासवूलचे अस्तर लावले, उष्णतेसाठी १०० वॅटचे दोन बल्ब आणि अंडी उबवण्याच्या यंत्रात वापरतात तसला स्वस्त थर्मोस्टॅट बसवला. हवा सगळीकडे सारखी तापावी म्हणून कॉम्प्युटरमधला जुना पंखा आत ठेवला. प्रत्येक मटेरियलच्या २० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड, पूर्ण भरीव पट्ट्या छापल्या. एक टोक शिकंज्यात पकडायचे आणि १०० मिमी बाहेर असलेल्या दुसऱ्या टोकाला एक किलोचे वजन टांगायचे. वजन मामांच्या किराणा दुकानातले, लोखंडी, तळाला शिशाचा छाप असलेले. या मापात पट्टीच्या मुळाशी ताण सुमारे ८ मेगापास्कल येतो.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी फुकट गेल्या. एक तर वाकणे मोजणाऱ्या डायल गेजच्या आतली स्प्रिंग खुंटीला बारीक दाब देत असते. तिचा दाब पट्टीवर कायम ठेवला तर आपण टांगलेल्या वजनात भर पडते, म्हणून वाचन घेण्यापुरतेच गेज टेकवायचे हे उशिरा सुचले. दुसरे म्हणजे पट्टी शिकंज्यातच चेपत होती. टोकाला जे वाकणे मी मोजत होतो, त्यातला काही भाग पट्टीचा नव्हता, पकडीखाली दबलेल्या प्लास्टिकचा होता. तिसरी गोष्ट महावितरणची. रात्री दोन वाजता वीज गेली की पेटी थंड व्हायची, क्रीप जवळजवळ थांबायचे आणि सकाळी आलेखात एक सपाट पायरी दिसायची. शेवटी पेटी इन्व्हर्टरवर टाकली.

आणखी एक सवय लागायला वेळ लागला. सुरुवातीला मी दर तासाला वाचन घेत असे, पण क्रीपचे घड्याळ आपल्यासारखे चालत नाही. पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत जे घडते, साधारण त्याच तोलाचे पुढच्या नव्वद मिनिटांत घडते आणि त्याच तोलाचे किंवा थोडे अधिक त्यापुढच्या पंधरा तासांत. म्हणून वाचने १, २, ५, १०, २०, ५० मिनिटांनी आणि पुढे १००, २००, ५०० अशी घ्यावी लागतात. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर लॉगरिदमची मोजपट्टी घेतली आणि सुरुवातीचे तात्कालिक वाकणे वजा केले की बिंदू बऱ्यापैकी सरळ रेषेत बसतात. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात विल्यम फिंडली यांनी प्लास्टिकच्या क्रीपसाठी काळाच्या घातावर बेतलेले हेच सूत्र वापरले होते, आणि पीव्हीसी व पॉलिइथिलीनच्या नमुन्यांवर त्यांनी सलग २६ वर्षे भार ठेवला होता. त्याचा निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाला. पीव्हीसी पाइपांच्या जळगावात राहून मला हे चाळिशीनंतर कळावे, याची खंत वाटते.

५० अंशांवर साध्या पीएलएची पट्टी पहिल्या मिनिटाला ३.० मिमी झुकली आणि २४ तासांनी ७.४ मिमी. कार्बन फायबरवाली पहिल्या मिनिटाला २.१ आणि २४ तासांनी ४.६. म्हणजे फायबरने वाकणे कमी केले यात शंका नाही. पण दोन्ही पट्ट्या पहिल्या मिनिटाच्या दुपटीहून खाली गेल्या होत्या आणि दोन्ही वक्रांची ठेवण एकच होती. मग मी पेटीचे तापमान फक्त पाच अंशांनी वाढवले. ५५ अंशांवर साधी पट्टी तासाभरात गेजच्या १० मिमीच्या पल्ल्याबाहेर गेली आणि फायबरवाली सकाळपर्यंत. त्या पाच अंशांपुढे फायबरने दिलेला फायदा कुठल्या कुठे वाहून गेला.

याचे कारण फिलामेंटमधल्या, म्हणजे प्रिंटरला पुरवल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या तारेतल्या, तंतूंच्या लांबीत आहे. त्यात मिसळलेले कार्बनचे तंतू जेमतेम ७ मायक्रॉन जाड आणि मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढे लांब असतात. एका तंतूवरून दुसऱ्यावर भार जातो तो मधल्या प्लास्टिकमधूनच, आणि ते प्लास्टिक तिथे कातरल्यासारखे सरकत राहते. तंतू स्वतः ताणले जात नाहीत, पण ज्या चिखलात ते रोवलेले आहेत तो चिखल वाहतो. बैलगाडीचे चाक कितीही मजबूत असले तरी काळ्या मातीत रुतायचे ते रुततेच. प्रिंटरच्या नोझलमधून निघताना बहुतेक तंतू रेषेच्या दिशेने वळतात, त्यामुळे त्या दिशेत मदत होते, आडव्या दिशेत कमी आणि थराथरांमध्ये जवळजवळ नाहीच, कारण एका थरातला तंतू वरच्या थरात शिरत नाही. हे पाहण्यासाठी एक पट्टी मुद्दाम उभी करून छापली. ती साध्या प्लास्टिकसारखीच झुकली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे शिकंज्याच्या कडेला, थराच्या रेषेवर, काडीसारखी तुटून वजनासकट पेटीच्या तळाशी पडलेली सापडली. माझ्या चटईच्या हाताला पीळ का पडला तेही इथे उमगले. तंतू सगळे लांबीच्या दिशेने होते आणि पिळाच्या विरोधात ते फारसे कामाचे नव्हते.

माहितीपत्रकात ज्या आकड्यावर मी आणि माझ्यासारखे बरेच जण विसंबतो, तो हीट डिफ्लेक्शन टेंपरेचरचा. या चाचणीत तुकड्यावर ०.४५ किंवा १.८० मेगापास्कलचा ताण देऊन तापमान मिनिटाला २ अंशांनी वाढवत नेतात आणि ठराविक, मिलिमीटरच्या अंशाएवढे वाकणे कोणत्या तापमानाला येते ते नोंदवतात. सगळा खेळ तासा-दीड तासात आटोपतो. फायबरमुळे तुकडा ताठ झाला की तेवढे वाकणे यायला उशीर लागतो आणि आकडा पुष्कळ वर जातो, विशेषतः नायलॉनच्या बाबतीत. त्या तापमानाला तो भाग महिनाभर भार पेलेल असे त्यातून निघत नाही, पण वाचणाऱ्याला ते निघते असे वाटते, आणि विकणारा तो समज दूर करायच्या फंदात पडत नाही. दीर्घकाळच्या भारासाठी आयएसओ ८९९ ही वेगळी चाचणी आहे. फिलामेंटच्या माहितीपत्रकात तिचे आकडे मला क्वचितच दिसले.

या काळात शेजारच्या गल्लीतले एक काका, पाइपाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, चहाला येऊन पेटीपाशी उभे राहत. एकदा माझा आलेख पाहून ते म्हणाले, "हे तर आमचं रोजचंच काम होतं. पीई १०० म्हणतोस ना, त्यातला तो शंभर काय आहे, ठाऊक आहे का तुला?" मला ठाऊक नव्हते. पीई १०० या पॉलिइथिलीनची किमान ताकद १० मेगापास्कल धरतात, ती २० अंश तापमानाला, पाण्याच्या दाबाखाली ५० वर्षे टिकण्याची. तेच मटेरियल मशीनवर काही मिनिटांत ओढून पाहिले तर याच्या दुपटीहून जास्त ताण सोसते. पाइप बनवणारे गेली कित्येक वर्षे वर्ष आणि अंश सांगितल्याशिवाय ताकद सांगत नाहीत, आणि मी त्यांच्यापासून दोन फर्लांगांवर बसून ४५ मेगापास्कलच्या आकड्यावर हात छापला होता. काकांनी चहाचा पेला ठेवला आणि माझ्या पेटीचा पंखा चुकीच्या बाजूला आहे एवढे सांगून ते गेले. खरोखरच तो चुकीच्या बाजूला होता.

पीएलए सोडून मग इतर मटेरियल पाहिली. पीईटीजी हे प्रिंटरवर चालणारे आणखी एक प्लास्टिक. कार्बन फायबरवाल्या पीईटीजीचा टीजी ८० अंशांच्या आसपास असल्यामुळे ५० अंशांवर त्याचे वागणे एकदम शांत होते. पहिल्या मिनिटाला २.२ मिमी, २४ तासांनी २.६ आणि आठवड्याने २.९. तापमान ७० वर नेल्यावर मात्र पीएलएचीच गोष्ट पुन्हा सुरू झाली.

नायलॉनने सगळ्यात जास्त वेळ घेतला. कार्बन फायबरवाल्या नायलॉनची पट्टी ओव्हनमध्ये वाळवून मेमध्ये लावली तेव्हा ती सगळ्यांत ताठ होती. तशीच दुसरी पट्टी टेबलावर उघडी राहिली, जूनचा शेवट आणि जुलै तिने तिथेच काढला, आणि ऑगस्टमध्ये तिला तेच वजन, त्याच ५० अंशांना लावल्यावर ती पहिल्याच मिनिटाला जवळजवळ पावणेदोन पट खाली आली. नायलॉन ६ पाण्यात बुडवून ठेवले तर वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी पिते. हवेतूनही ते हळूहळू ओल घेते आणि त्या पाण्याने त्याचा टीजी कोरड्या अवस्थेतल्या पन्नास-साठ अंशांवरून खोलीच्या तापमानापर्यंत, कधी त्याखालीही उतरतो. त्याचा काही भाग स्फटिकरूप असल्यामुळे ते पीएलएसारखे कोसळत नाही, पण झुकते. खानदेशात याला एक चमत्कारिक पदर आहे. आपला उन्हाळा भाजून काढणारा असला तरी कोरडा असतो आणि ओल येते तेव्हा पारा उतरलेला असतो, त्यामुळे मेमध्ये तपासून पास केलेला नायलॉनचा भाग पावसाळा पिऊन ऑक्टोबरच्या उन्हात उभा राहतो तेव्हा तो वेगळाच भाग झालेला असतो. आजोळची तुळई मला आठवली ती इथे.

पीएलएला भट्टीत भाजून वाचवता येते असे ऐकले होते, तेही केले. पट्टी बारीक मिठात पुरून १०० अंशांवर दोन तास ठेवली, म्हणजे तिच्यात स्फटिक तयार होतात आणि टीजी ओलांडल्यावरही एक सांगाडा उरतो. ती पट्टी ५५ अंशांवर खरोखरच टिकली, आठवडाभरात एक मिलिमीटरदेखील वाढली नाही. मग उत्साहाने पूर्ण हात छापून भाजला, तर तो लांबीत थोडाच पण उंचीत डोळ्यांना दिसेल इतका बदलला आणि बेअरिंगसाठी ठेवलेले २२ मिमीचे भोक लंबगोल झाले. ६०८ नंबरचे बेअरिंग त्यात एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल बसू लागले. भाजल्यानंतर भोक बोअरिंग करून घेणे हा उपाय आहे, मात्र मग छपाईची स्वस्ताई संपते.

पुण्याच्या एका परिचितांकडे अखंड तंतू घालणारा प्रिंटर आहे. त्यांनी नायलॉनमध्ये ग्लास फायबरचा अखंड धागा घालून एक हात करून दिला. यात भार पेलणारा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असतो, मधल्या प्लास्टिकच्या मेहरबानीवर तो अवलंबून नसतो, आणि वाकण्याच्या दिशेत त्याचे क्रीप इतके कमी होते की तीन आठवड्यांत मला ते गेजच्या काट्याच्या जाडीइतकेच दिसले. तरीही टोक खाली आले, सव्वा मिलिमीटर. शोधायला दोन दिवस लागले. हात वाकलाच नव्हता, मुळाशी बोल्टच्या डोक्याखालचे प्लास्टिक दबले होते आणि टॉर्क रेंच लावल्यावर बोल्ट अर्ध्या ताकदीतच फिरला. अंतर कायम धरून ठेवले की ताण आपोआप उतरत जातो, ही क्रीपचीच दुसरी बाजू; नवी दोरी घट्ट विणलेली बाज महिन्याभरात ढिली पडते आणि पुन्हा ओढावी लागते, तसे. भोकात ॲल्युमिनियमचे बुश बसवून बोल्टचा दाब धातूवर घेतला तेव्हा ते थांबले.

शेठना आता जो हात दिला आहे, त्यात वजन पेलायला २५ बाय ६ ची स्टीलची पट्टी आहे आणि रोलर धरणारी खोबण तेवढी कार्बन फायबरवाल्या पीईटीजीची, कारण तिचा आकार किचकट आहे आणि तिच्यावर भार नगण्य आहे. छापील भागाचा माझा धंदा त्यात अर्ध्याहून कमी झाला. या मेमध्ये दुपारी जाऊन थर्मोकपल लावले तेव्हा ५८ अंश होते आणि भिंतीवर मी पेन्सिलने ओढलेल्या रेषेपासून रोलर हललेला नव्हता. वर्कशॉपच्या माळ्यावर, पेटीबाहेर, पीईटीजीची एक पट्टी मात्र गेल्या श्रावणापासून एक किलोचे वजन घेऊन तशीच टांगलेली आहे. परवाचे वाचन ३.४ मिमी आले. मामांनी वजन परत मागितले होते, त्यांना बाजारातून नवे आणून दिले.